दार बदलायचंय, परवानगी लागेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर सांगलीत घरोघरी दारांची दशा झाली होती. फ्लश डोअर फुगलेलं, प्लायचे पापुद्रे सुटलेले, चौकटीचे पाय कुजलेले. 2021 ला पुन्हा तेच. सुताराला बोलवायचं तर मनात धाकधूक, महापालिकेची परवानगी काढावी लागेल का?

जुनं दार काढून त्याच जागी, त्याच मापाचं नवं बसवायचं असेल, तर बांधकाम परवाना लागत नाही. सागवानाऐवजी फायबरचं लावा, बिजागऱ्या बदला, कुजलेली चौकटही बदला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार घराच्या आतल्या, किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगीची गरज नाही. वारसा इमारतींना मात्र ही सूट नाही.

काळजी वाटते ती भिंतीला छिन्नी लागते तेव्हा. गावभागातल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याचं ओझं भिंतीच पेलतात. दारावरची लाकडी तुळई किंवा लिंटेल ते ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर उतरवतं. दार फूटभर रुंद करायला टेकू न देताच ती तुळई काढली, तर दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी चीर जाते आणि माथ्यावरच्या विटा सुटायला लागतात. घरात माणसं झोपलेली असतात हो! गवंडी कितीही जुनाजाणता असला, तरी हे काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

शेजाऱ्याच्या हद्दीकडे किंवा रस्त्याकडे नवं दार पाडायचं असेल, तर आधी महापालिकेत विचारा. दर्शनी दाराच्या जागी शटर लावून राहत्या घरात दुकान काढायचं, तर तो वापरातला बदल होतो. त्याला परवानगी हवीच.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीलाही कळवा. मुख्य दार बाहेर उघडणारं करून जिन्याची वाट अडवू नका. आग लागली तर सगळे त्याच वाटेनं उतरणार आहेत.

शंका असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात जा. घराचा मंजूर नकाशा असेल तर सोबत घ्या. दारं-खिडक्यांच्या जागा त्यावर दाखवलेल्या असतात. आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.