कापडी डायपर वापरून बघताना

नमस्कार श्रोतेहो.

बाळासाठी कापडी डायपर वापरून बघायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, किती घ्यायचे? सुरुवातीला तीन-चारच घ्या, आणि तेही दोन वेगळ्या प्रकारांचे. चोवीस डायपरांचा संच एकदम आणला आणि तो बाळाच्या मांड्यांना नीट बसलाच नाही, तर सगळा पैसा अडकून पडतो. बारीक मांड्यांच्या बाळाला एक प्रकार जमतो, गुटगुटीत बाळाला दुसरा, आणि ते घालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

डायपरची नावे कितीही असोत, त्यात कामे दोनच: आतल्या थराने शोषायचे आणि बाहेरच्याने अडवायचे. बाहेरचा थर बहुधा पीयूएल कापडाचा असतो, म्हणजे पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा बसवलेला. सुती चौकोनी कापडाची घडी घालून त्यावर कव्हर चढवायचे, हा सर्वांत साधा प्रकार. घडी पूर्ण उलगडत असल्याने ते कापड स्वच्छ निघते आणि लवकर वाळते. पॉकेट डायपरला आत कप्पा असतो, त्यात इन्सर्ट, म्हणजे शोषणाऱ्या कापडाची जाड पट्टी, सरकवायचे. ऑल-इन-वनमध्ये सगळे थर एकत्र शिवलेले असतात. ते घालायला सोपे, पण वाळायला फार वेळ घेते. धुणे घरातच वाळवावे लागत असेल, तर ऑल-इन-वन टाळलेले बरे.

आता शोषणाऱ्या कापडाबद्दल. मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचे कापड, पटकन ओढून घेते, पण दाबले की सोडते. बाळ मांडीवर बसले किंवा पट्ट्यात आवळले गेले की ओल बाहेर येते. शिवाय ते थेट त्वचेला लावायचे नाही, कारण ते त्वचेचा ओलावाही ओढते. त्यावर दुसरे मऊ कापड हवेच. सुती आणि बांबूचे इन्सर्ट जास्त धरून ठेवतात. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे कापड, सावकाश शोषते, पण कमी जाडीत बरेच मावते. म्हणून वर पटकन शोषणारे आणि खाली हेम्प, अशी जोडी चांगली चालते.

नवे सुती, बांबूचे किंवा हेम्पचे इन्सर्ट आणल्या आणल्या वापरू नका. धाग्यात तेल आणि मेणाचा अंश असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळते. डिटर्जंट घालून गरम पाण्यात पाच-सहा वेळा धुवा, मधे वाळवा. कोऱ्या हेम्पचे पहिले काही धुणे वेगळे करा. मायक्रोफायबर आणि कव्हर यांना एकच धुणे पुरते. तयारी झाली का, हे बघायला कोरड्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओता. लगेच जिरले तर झाले. थेंब मोत्यासारखे वरच थांबले, तर अजून धुवायला हवे. कोरे डायपर घालून 'गळतात' म्हणून ते बाजूला टाकणारे पुष्कळ आहेत. कापड शोषायला तयारच झालेले नसते, एवढेच त्याचे कारण असते.

आणि त्याहून मोठे कारण म्हणजे बसण. पायाचे इलॅस्टिक मांडीवर नव्हे, जांघेच्या घडीत बसले पाहिजे, चड्डीची कड बसते तिथे. डायपर लावल्यावर बाळाचा पाय थोडा वर करा, कडेवरून बोट फिरवा आणि इलॅस्टिक घडीत सारून द्या. आतल्या कापडाचा कोपरा कुठे बाहेर डोकावत असेल तर तोही आत घ्या. एवढासा कोपरा झबले किंवा चादर भिजवायला पुरतो. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या ओळी असतात, त्या उंची कमी-जास्त करण्यासाठी. लहान बाळाला त्या मिटून घ्या. कमरेला दोन बोटे सहज जावीत. कडेचा हलका वळ थोड्या वेळात जातो, पण खोल लाल वळ टिकून राहिला तर डायपर घट्ट आहे.

गळतीची वेळ पाहिली तर दोष सापडतो. घातल्यावर अर्ध्या तासात मांडीशी ओले झाले, तर बसण चुकली. दोन तासांनी गळले आणि इन्सर्ट पूर्ण भिजलेले आहे, तर कापड कमी पडले. इन्सर्टचा अर्धा भाग कोरडाच आहे आणि तरी गळले, तर कापड पाणी झिडकारते आहे. मुलग्यांना पुढच्या बाजूला जास्त जाडी लागते, म्हणून घडी पुढे घ्या. दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलायचेच. शी झाली तर लगेच.

धुण्यात सर्वांत जास्त चुका होतात. वापरलेले डायपर बादलीत पाण्यात भिजवून ठेवू नका. त्या पाण्यात वास धरतो आणि इलॅस्टिक खराब होते. हवा खेळेल अशा कोरड्या बादलीत ठेवा आणि दोन दिवसांच्या आत धुवा. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते. वरचे अन्न सुरू झाले की शी आधी संडासात टाकून मग धुवायचे. आधी गार पाण्यात खळबळा, मग थोड्या डिटर्जंटने छोटे धुणे, नंतर पूर्ण मात्रेने मोठे धुणे. मोठ्या धुण्याला साठ अंश तापमान चांगले, पण कव्हरच्या लेबलवर कमी तापमान लिहिले असेल तर कव्हर त्यानुसार वेगळे धुवा. शेवटी फेस जाईपर्यंत खळबळा. हाताने धुतानाही क्रम हाच. कव्हर मात्र पिरगळून पिळू नका.

कपडे मऊ करणारे द्रव्य अजिबात नको, ते धाग्यावर थर धरते आणि कापड शोषेनासे होते. क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाचीही साय कापडात बसते, तिथे डिटर्जंटच हवे. धुतलेल्या डायपरला घातल्यावर लगेच अमोनियाचा झोंबरा वास आला, तर डिटर्जंट वाढवा आणि मशीनमध्ये कमी कपडे टाका. डिटर्जंट कमी घालणे हे या वासाचे नेहमीचे कारण असते. ओले इन्सर्ट उन्हात टाकले की पिवळे डाग फिकट होतात. कव्हर सावलीत वाळवा.

पुरळ आले तर आधी बदलण्यातले अंतर कमी करा आणि दिवसातून काही वेळ अंग उघडे ठेवा. झिंक किंवा पेट्रोलियम जेलीचे मलम लावायचे असेल तर मधे लायनर, म्हणजे त्वचेलगतचे पातळ अस्तर, घाला, नाहीतर ते कापडात मुरते. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

हे सगळे आधी दिवसा आणि घरी जमवा. गाडी रुळावर आली की मग संच वाढवा. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा डायपर लागतात. एक दिवसाआड धुणार असाल तर त्याला वीस ते चोवीस लागतील, मोठ्या बाळाला पंधरा-अठरा पुरतात. रात्रीचे सर्वांत शेवटी घ्या: दुप्पट इन्सर्ट, त्यात खाली हेम्प, वर कोरडे ठेवणारे फ्लीस नावाचे मऊ कृत्रिम कापड, आणि जाडी वाढल्यावर पायाची कड पुन्हा एकदा बोटाने तपासायची.