उसनी पात्रे

मित्रहो, ज्या मालिकेचा शेवट काय होणार हे तिचा पहिला भाग दाखवला जाण्याच्या 63 वर्षे आधी ठरलेले होते, तिच्या शेवटाबद्दल मला आज बोलायचे आहे. तरुण सुपरमॅनची गोष्ट सांगणाऱ्या ‘स्मॉलव्हिल’चा पहिला भाग अमेरिकेत 16 ऑक्टोबर 2001 रोजी प्रसारित झाला आणि शेवटचा 13 मे 2011 रोजी. दहा पर्वे, 217 भाग. जाहिराती वगळल्या तर एकेक भाग साधारण 42 मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून दीडशे तासांचा ऐवज होतो. मी तो दोनदा पाहिला आहे, हे आधीच कबूल करतो. पुढे माझ्या बोलण्यात कुठे पक्षपात दिसला तर त्याचे कारण शोधत बसावे लागू नये.

सुपरमॅन 1938 साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्या कॉमिक्समधून वाचकांसमोर आला. कॅन्ससमधल्या शेतकरी जोडप्याने वाढवलेला परग्रहावरचा मुलगा, पुढे महानगरातला वार्ताहर, प्रेयसी लुईस लेन, वैरी लेक्स ल्यूथर, ही चौकट पुढे पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली आहे. अल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर या दोघा निर्मात्यांनी त्यातला फक्त आरंभीचा तुकडा उचलला. क्लार्क केंट, म्हणजे पुढचा सुपरमॅन, शाळेत आहे, आणि मालिका चालेल तोवर त्याला उडता यायचे नाही, त्याच्या अंगावर पोशाख यायचा नाही, असा नियमच त्यांनी स्वतःला घालून घेतला. चौथ्या पर्वाच्या आरंभी तो उडतो खरा, पण तेव्हा आपण क्लार्क आहोत हेच तो विसरलेला असतो, त्यामुळे नियम तांत्रिकदृष्ट्या शाबूत राहतो.

आपल्या भाषेत ‘पात्र’ या शब्दाचे भांडे आणि भूमिका असे दोन्ही अर्थ होतात, आणि या मालिकेविषयी विचार करताना मला ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. तिची जवळजवळ सगळी पात्रे उसनी होती. शेजारून आणलेल्या भांड्यात आपण हवे ते शिजवावे, परंतु परत देताना ते घासूनपुसून, शक्यतो पोचा न पडता द्यावे लागते. क्लार्क सुपरमॅन म्हणून, लेक्स खलनायक म्हणून आणि लुईस क्लार्कची सहचरी म्हणून परत करायची होती. ही उसनवारी नुसती बोलण्यापुरती नव्हती. सीगल यांच्या वारसांनी सुपरबॉयच्या, म्हणजे किशोरवयीन सुपरमॅनच्या, हक्कांवरून या मालिकेबाबत न्यायालयात दावाही लावला होता. शेवटच्या भागात जे जे मला खटकले आणि जे जे विलक्षण आवडले, त्या सगळ्याचा उगम या परतफेडीत आहे असे माझे मत आहे.

परतफेडीचा विचार मनात ठेवून पहिला भाग पुन्हा पाहिला की तो फार चलाखीने रचलेला दिसतो. लेक्सची भरधाव गाडी पुलावर उभ्या असलेल्या क्लार्कला धडकते आणि दोघेही नदीत कोसळतात. क्लार्क त्याला पाण्यातून बाहेर काढतो. त्याच भागात शाळेतली मुले क्लार्कला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखे खांबाला बांधतात आणि त्याच्या उघड्या छातीवर लाल रंगाने एक ‘एस’ रंगवतात. क्लार्कला आवडणाऱ्या लाना लँगच्या गळ्यातले उल्केच्या दगडाचे पदक त्या वेळी त्याच्या गळ्यात अडकवलेले असते, आणि तो दगड म्हणजे क्लार्कला दुबळे करणारे क्रिप्टनाइट, म्हणून त्याची शक्ती गेलेली असते. रात्री त्याला तिथून सोडवतो तो लेक्स. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चिन्हांपैकी एक आपल्याला इथे पहिल्यांदा दिसते ते टवाळीची खूण म्हणून, आणि त्या टवाळीतून नायकाला मोकळे करतो त्याचा भावी वैरी. दोघांनी एकमेकांचे देणे पहिल्या तासाभरातच फेडलेले असते. पुढच्या सात पर्वांत जे घडते ते त्या फिटंफाट झालेल्या हिशेबातून पुन्हा कर्ज कसे उभे राहते याची गोष्ट आहे.

क्लार्क आणि लेक्स एकेकाळचे मित्र, ही कल्पनाही या निर्मात्यांची स्वतःची नव्हती. 1960 सालच्या एका सुपरबॉय कथेत तरुण ल्यूथर त्याचा चाहता असतो. त्याच्या प्रयोगशाळेला लागलेली आग सुपरबॉय विझवतो, त्या गडबडीत ल्यूथरचे केस जातात आणि तो कायमचा उलटतो. टक्कल पडले म्हणून आयुष्यभराचे वैर, हे कारण जरा हलकेच आहे. मालिकेने टक्कल कायम ठेवले, ते 1989च्या उल्कावर्षावाच्या माथी मारले, आणि मैत्री तुटण्याचे कारण मात्र बदलले: एक मित्र आपले गुपित सांगू शकत नाही आणि दुसरा ते खोदल्याशिवाय राहू शकत नाही. यात दोघांचेही चुकते. क्लार्क खोटे बोलतो, वारंवार बोलतो, आणि ते पकडले गेल्यावर दुखावल्याचा आव आणतो. मायकेल रोझेनबाउमने साकारलेला लेक्स खलनायक म्हणून जितका लक्षात राहतो त्याहून अधिक, मित्र व्हायची मनापासून इच्छा असलेला माणूस म्हणून राहतो. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला कंसाचे काय होणार हे ठाऊक असते, तरी तो शेवटपर्यंत बसतो. आम्ही तर हा कंस सुधारावा अशी आशा धरून बसलो होतो, आणि ती फोल आहे हेही आम्हाला माहीत होते.

म्हणून माझ्यापुरती ही मालिका दोनदा संपली. पहिल्यांदा 2008 साली, सातव्या पर्वाच्या अखेरीस, जेव्हा क्लार्कच्या मूळ ग्रहाच्या तंत्राने बर्फात उभ्या राहिलेल्या त्या स्फटिकांच्या गडात लेक्सला क्लार्कचे गुपित अखेर कळते आणि सगळा गड दोघांवर कोसळतो. गॉफ, मिलर आणि रोझेनबाउम यांनी त्याच टप्प्यावर मालिका सोडली, आणि लानाची भूमिका करणारी क्रिस्टिन क्रूकही पुढच्या पर्वात मोजक्या भागांपुरतीच आली. नंतरची तीन पर्वे वाईट नव्हती. क्लार्क वृत्तपत्रात काम करू लागला, अंगावर काळा कोट आला, एरिका ड्युरान्सच्या लुईसने घरात खेळकरपणा आणला. तरीही ती मला परतफेडीच्या तयारीची पर्वे वाटत आली आहेत: भांडी घासून ओळीने मांडली जात होती.

जोनाथन केंटबद्दल थोडे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जॉन श्नायडरने उभा केलेला हा शेतकरी बाप शंभराव्या भागात, जानेवारी 2006मध्ये, हृदयविकाराने जातो. पोलादाला वाकवणारा मुलगा बापाला धरून शेतात बसलेला आहे आणि त्याच्या कोणत्याही शक्तीचा काही उपयोग नाही, हे दृश्य मी आजही सहज पाहू शकत नाही. शेवटच्या भागात तोच जोनाथन परलोकातून येऊन मुलाच्या हाती तो निळालाल पोशाख देतो. रक्ताच्या बापाचा आवाज कितीतरी पर्वे गडातून उपदेश करत होता, पण पोशाख द्यायला पुढे झाला तो वाढवलेला बाप, हा निर्णय ज्याने घेतला त्याला मालिका नीट कळली होती.

आता त्या शेवटच्या भागाकडे वळतो. दोन तासांच्या या भागात पृथ्वीवर एक आख्खा ग्रह चालून येतो, क्लार्क तो ढकलून परत पाठवतो, कोसळू पाहणारे राष्ट्राध्यक्षांचे विमान सावरतो, आणि एवढी सगळी उलाढाल तंत्राच्या आणि पैशाच्या मर्यादेमुळे फार घाईत उरकली जाते. क्लार्कची भूमिका करणारा टॉम वेलिंग पोशाखात आपल्याला जवळून, पूर्ण उभा असा दिसतच नाही. दुरून दिसते ती संगणकावर केलेली आकृती. चोविसाव्या वर्षी शाळकरी मुलाची भूमिका करू लागलेला हा नट तेव्हा 34 वर्षांचा झाला होता, आणि इतकी वर्षे थांबलेल्या प्रेक्षकाला निदान एक स्थिर दृश्य मिळायला हवे होते, हा माझा राग अजून गेलेला नाही.

लेक्सच्या बाबतीत मात्र राग नाही, खेद आहे. रोझेनबाउम परत आला, जळक्या वाड्यात दोघे समोरासमोर उभे राहिले, आणि वैरी हे एकमेकांमुळे घडतात हे लेक्सने स्वतःच्या तोंडाने मान्य केले. काही वेळातच त्याची सावत्र बहीण टेस, जिला त्याने नुकतेच भोसकलेले असते, मरता मरता एक विषारी द्रव्य त्याच्या चेहऱ्याला लावते आणि त्याच्या सगळ्या आठवणी पुसल्या जातात. मूळ कथेतल्या लेक्सला क्लार्कचे गुपित माहीत नसते, तेव्हा भांडे रिकामे करून परत देणे भाग होते. पण त्यात ती नदी, तो पूल आणि मक्याच्या शेतातली ती रात्रही धुऊन निघाली. ती मैत्री आता जगात फक्त क्लार्कला आठवते, आणि या गोष्टीसाठी पटकथेने एक वाक्यही खर्च केले नाही.

या साऱ्या घरात स्वतःच्या मालकीची पात्रे थोडीच होती. त्यांतली क्लोई सलिव्हन ही क्लार्कची शाळूसोबतीण आणि वार्ताहर मैत्रीण मालिकेसाठी नव्याने घडवली गेली. कॉमिक्सने तिला नंतर मालिकेकडून घेतले. तिचे काय करायचे हे कोणत्याही जुन्या कथेने ठरवलेले नव्हते. शेवटच्या भागाची सुरुवात तिच्यापासूनच होते: सात वर्षांनंतरचा काळ आहे आणि क्लोई आपल्या लहान मुलाला ‘स्मॉलव्हिल’ नावाचे कॉमिक पुस्तक वाचून दाखवते आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ही गोड युक्ती वाटली होती. आता वाटते की उसने घेतलेले सगळे परत करताना निर्मात्यांनी आपली गोष्ट ठेवायला घरातले एक हक्काचे पात्र निवडले.

क्लार्क तेवढ्याने सुटला नाही. डिसेंबर 2019मध्ये, दुसऱ्या काही सुपरहिरो मालिकांच्या एका संयुक्त कथेत, टॉम वेलिंग काही मिनिटांपुरता परत आला. क्लार्क केंट शेतावर होता, लुईसबरोबर, मुलींचा बाप झालेला, आणि त्याने आपल्या शक्ती स्वखुशीने सोडून दिल्या होत्या. अनेक चाहते यावर संतापले. दहा वर्षे ज्याची वाट पाहिली ते त्याने टाकून दिले म्हणून. माझाही पहिला उद्गार फारसा सभ्य नव्हता. मग दुसऱ्याच विश्वातून आलेला एक लेक्स ल्यूथर क्रिप्टनाइट घेऊन त्याला मारायला येतो, ते त्याच्यावर चालत नाही असे पाहून गोंधळतो, आणि क्लार्क त्याला एक ठोसा लगावतो. साध्या माणसाचा ठोसा. 217 भागांत या मुलाला रागाच्या भरात पूर्ण जोराने कुणा साध्या माणसावर सहसा हात उगारता आला नव्हता, कारण समोरचा माणूस जिवानिशी गेला असता. आता मात्र तो त्याच्या सगळ्या ताकदीने मारू शकला, आणि लेक्स नुसता खाली पडला.