यहुदी श्रद्धा आणि इतिहासाचे स्मरण

बंधुभगिनींनो,

यहुदी धर्माचा गाभा कोणता, असे विचारले तर 'ईश्वर एकच आहे' हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते, आणि ते खरेही आहे. श्रद्धाळू यहुदी सकाळ-संध्याकाळ 'शेमा' ही प्रार्थना म्हणतात, त्यात हीच ग्वाही आहे. मला मात्र त्या ईश्वराने करून दिलेली स्वतःची ओळख अधिक विलक्षण वाटते. दहा आज्ञांच्या आरंभी तो आकाश आणि पृथ्वी निर्माण केल्याचे सांगत नाही, तर 'तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढणारा तुझा परमेश्वर मी आहे' असे म्हणतो. मिसर म्हणजे इजिप्त; यहुद्यांचे पूर्वज तिथे गुलाम होते, अशी ही कथा आहे. बाराव्या शतकातील कवी आणि तत्त्वज्ञ यहुदा हलेवी यांनी नेमके यावरच बोट ठेवले: ही श्रद्धा तर्काने सिद्ध केलेल्या ईश्वरावर नव्हे, तर अवघ्या समाजाने अनुभवलेल्या आणि पिढ्यानपिढ्या सांगितलेल्या घटनेवर उभी आहे. त्याच शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीस यांनी श्रद्धेची 13 तत्त्वे मांडली, पण घरोघरी धर्म टिकवला तो या कथेनेच, असे माझे मत आहे.

त्या सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेसाह सणाच्या रात्री घरातले धाकटे मूल 'आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?' असे विचारते. उत्तरादाखल मोठी माणसे मिसरची कथा सांगतात, बेखमीर भाकरी आणि गुलामीची आठवण देणारा कडू पाला खातात. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे, अशी त्या रात्री वाचल्या जाणाऱ्या 'हग्गादा' या पुस्तकाची आज्ञा आहे.

या स्मरणातून आचारधर्म निघतो. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळण्याचे कारण म्हणून मिसरातील दास्यच सांगितले आहे, आणि म्हणून विसावा केवळ मालकाला नाही. दास, दासी, घरी राहणारा परका, एवढेच काय, बैलालाही आहे.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. पुढे 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, आणि 1874 च्या पुण्यातील आवृत्तीत तर पेसाहची भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया लुगड्यातच दाखवल्या आहेत. मिसरातून निघालेल्यांमध्ये आपल्या घरच्या बायकाही आहेत, हे ते चित्र पाहणाऱ्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.