एक बाजार, दोन भाषा आणि चार ‘आम्ही’

[दृश्य: गोसाईगाव, जिल्हा कोक्राझार, आसाम. आठवडी बाजाराची सकाळ, चहाची टपरी.]

टपरीवाला विचारतोय, ‘साह खाबने?’ म्हणजे चहा घेणार का. असमियात लिहिताना ‘चाह’ असंच लिहितात, पण च आणि छ दोन्हींचा उच्चार स झालाय, त्यामुळे चार म्हणजे सारि, पाच म्हणजे पास. मग खरा स कुठे गेला? तो गेला घशात, उर्दूवाले ‘खबर’ म्हणताना घासून ख काढतात ना, साधारण तसा, म्हणून सात म्हणजे खात आणि आसाम म्हणजे ऑखॉम. आणि हो, इथे चहा पीत नाहीत, खातात. पाणीसुद्धा खातात.

तरी दोन दिवस कान दिला की मराठी माणसाला असमिया थोडीथोडी कळायला लागते, कारण नात्यातलीच आहे, दूरची चुलत बहीण म्हणा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जासुद्धा दोघींना एकाच दिवशी मिळाला.

[दृश्य: भाजीवाली आजी वांगी मोजतेय. हातांचा क्लोजअप.]

आता हे ऐका. मित्, बार, पे, पोन, मोंडे, तुरुई. बार म्हणजे दोन बरं का, बारा नाही. टपरीपासून जेमतेम वीस पावलांवर आपण वेगळ्याच भाषाकुळात आलो. ही संथाली, मुंडा भाषांपैकी एक. यातलं ‘तुरुई’ किंवा दहासाठीचं ‘गेल’ मेळघाटातल्या कोरकू माणसाला ऐकवा, तो लगेच ओळखेल, कारण कोरकूपण मुंडाच.

आजी पाण्याला ‘दाक्’ म्हणते. शेवटचा क नीट बघा, म्हणजे तोंडाकडे बघा, जीभ मागे टेकते आणि आवाज तिथेच अडतो, बाहेर सुटतच नाही. आमच्या साउंडवाल्याला वाटलं माईक कट होतोय, त्याने तीनदा परत म्हणायला लावलं आणि आजी तिन्ही वेळा हसली.

पण खरी गंमत ‘आम्ही’मध्ये आहे. असमियात सगळ्याला एकच, आमि. मराठीत आपण दोन करतो, ‘आपण’ म्हणजे समोरचा धरून आणि ‘आम्ही’ म्हणजे त्याला सोडून. संथालीत चार आहेत. मी आणि तू, दोघंच, तर आलाङ. मी आणि अजून एक जण पण तू नाही, तर आलिञ. दोनपेक्षा जास्त असू आणि तूही त्यात, तर आबो. जास्त असू पण तू सोडून, तर आले. आणि सूर्य, चंद्र, तारे हे सगळे व्याकरणात सजीव, माणसं आणि गुरांच्या रांगेत.

[दृश्य: जुनी छापील पानं, मग शाळेचा फळा.]

असमियाचंही सगळं आयतं आलेलं नाही. 1836 मध्ये इंग्रजांनी कोर्टात आणि शाळेत बंगाली लावली, असमिया म्हणजे बंगालीचीच बोली असं धरून. मधल्या काळात, 1846 ला, शिवसागरहून मिशनऱ्यांनी ‘अरुणोदोइ’ हे मासिक सुरू केलं. भाषा परत जागेवर यायला 1873 उजाडलं आणि 1960 मध्ये ती कायद्याने राज्यभाषा झाली.

संथालीला तेव्हा ना कोर्ट मिळालं ना राज्य. लिहायची म्हटलं तर मिशनऱ्यांची रोमन, बंगालमध्ये बंगाली, ओडिशात ओडिया, जिथे राहाल तिथली लिपी उसनी घ्यायची आणि तो अडलेला क कुठेच धड बसत नाही. मग 1925 मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या रघुनाथ मुर्मू नावाच्या विशीतल्या तरुणाने सरळ नवीन लिपी बनवली, ओल चिकी. ओल म्हणजे लिहिणं. तीस अक्षरं, सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच आणि पहिलं अक्षर स्वर. मात्रा नाहीत, जोडाक्षरं नाहीत, शाळेत ‘र्‍या’ आणि ‘र्या’मध्ये अडकलेल्या आपल्यासारख्यांना हेवा वाटावा असा प्रकार. अडलेल्या व्यंजनांना स्वतःची अक्षरं आहेत.

आणि आकार बघा, कॅमेरा मुद्दाम इथे थांबवलाय. मास्तर फळ्यावर ‘इर’ काढतायत, हा विळा, आणि पीक कापणं म्हणजेच इर. हा ‘इस’, नांगर. ‘लु’ म्हणजे स्वयंपाकाचं भांडं. ‘उद’ ही अळंबी, पावसात जंगलात उगवते ती. ‘इञ’ म्हणजे माणूस स्वतःकडे बोट दाखवतोय, कारण इञ म्हणजे मी. अख्खं गाव फळ्यावर उतरतं. मुर्मूंनी छापायला लाकडी यंत्रही स्वतःच बनवलं, ‘बिदू चांदन’ नाटक लिहिलं, गावोगाव फिरून शिकवलं, लोक त्यांना गुरु गोमके, म्हणजे थोर गुरु, म्हणायला लागले. 2003 च्या घटनादुरुस्तीने संथाली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आली, बोडो, डोगरी आणि मैथिलीबरोबर. 2008 मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोबाइलवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आली, स्वतःच्या नावाने. असमिया अक्षरं तिथे आजही ‘बंगाली’ नावाच्या खणात बसलेली आहेत, याचा असमिया लोकांना राग येतो आणि बरोबरच आहे.

2011 च्या जनगणनेत असमिया बोलणारे दीड कोटींच्या वर, संथाली बोलणारे देशभरात सुमारे 74 लाख, त्यातले आसामात दोन लाखांहून थोडे जास्त. इथल्या संथालांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, 1996 आणि 1998 च्या बोडो-संथाल हिंसाचारात याच भागातली माणसं घरं सोडून कॅम्पात गेली होती.

[दृश्य: संध्याकाळ, बाजार उठतोय. आजी आणि नातू, पाठमोरे.]

आजीची टोपली रिकामी झालीय. नातवाच्या हातात पाटी, त्यावर सकाळचं अळंबीचं अक्षर अजून तसंच. आम्ही मागून चालत शूट करत होतो तेवढ्यात आजी वळली, नातवाकडे बोट केलं आणि म्हणाली, आता घरी जातो.

तिने शब्द वापरला आलिञ.

मग आम्ही कॅमेरा तिथेच खाली ठेवला.