तळहात पालथा करून बघा

श्रोतेहो, नमस्कार. जिथं बसला आहात तिथंच एक करा. उजवा हात मांडीवर उताणा ठेवा, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपरावर टेकवा आणि उजवा तळहात सावकाश पालथा करा. कोपराचं टोक जागेवरच राहिलं ना? फिरलं ते अंगठ्याकडचं हाड. ते शेजारच्या हाडावरून तिरकं आडवं गेलं. चित्र काढणाऱ्यानं कातडीखालचं हे शरीर कसं ओळखायचं, त्याबद्दल आज बोलू.

१५१०-११च्या हिवाळ्यात लिओनार्दो दा विंची हेच कागदावर उतरवत होता. त्यानं प्रेतं उघडून पाहिली होती. दंडाची बेटकुळी नुसता हात दुमडत नाही, पालथा तळहात उताणा करायलाही तीच जोर लावते, हे त्यानं हेरलं. ते कागद त्याच्या हयातीत छापलेच गेले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढं १५४३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं वेसालियस या वैद्याचा शरीररचनेचा ग्रंथ छापला गेला. त्यातली कातडी सोललेली माणसं टेबलावर पडलेली नाहीत. ती डोंगर-गावांच्या देखाव्यात, एका पायावर भार देऊन उभी आहेत! वैद्य आणि चित्रकार एकत्र बसल्याशिवाय असं पान होत नाही. १५६३मध्ये फ्लॉरेन्सला कलेची अकादमी निघाली, तिथं शरीररचना शिक्षणाचा भागच होती. लंडनच्या रॉयल अकादमीनं १७६८मध्ये विल्यम हंटर या वैद्यालाच हा विषय शिकवायला नेमलं.

आपल्याकडं हे ज्ञान नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. सुश्रुतानं मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवायला आणि मग कुंच्यानं एकेक थर खरवडून बघायला सांगितलं आहे. शिल्पकारांची वाट वेगळी होती. त्यांनी चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ‘ताल’ हे माप धरून सगळी मूर्ती त्यात बसवली. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या स्त्रिया बघा. अंगावर स्नायूंच्या रेषा नाहीत, तरी कमरेचा भार कुठल्या पायावर आहे ते लांबूनही कळतं.

मुंबईला १८५७मध्ये जे. जे. कला शाळा सुरू झाली आणि विलायती पद्धत आली. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन करायचं. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथं शिकून आले. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण पुतळ्याला धाप लागत नाही, घाम येत नाही.

मी शिकत होतो तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावरून स्नायूंची नावं पाठ करायची, परीक्षेत लिहायची, एवढंच होतं. खांदा मात्र चुकायचाच. म्हणून आता मी मुलांना पहाटे तालमीत नेतो. ज्या गावात एवढे आखाडे आहेत, तिथल्या चित्रकलेच्या मुलानं पाठ नुसत्या फोटोवरून काढायची, हे मला पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाचं चित्र अडलं होतं. पैलवानानं हात वर केलेला, आणि कागदावर दोन्ही खांदे सारखेच. जोर मारून उठलेले वस्ताद मागं येऊन थांबले. थोडा वेळ बघितलं, मग त्याच्याकडं पाठ करून म्हणाले, “पोरा, हितं फऱ्यावर बोट ठेव. आता बघ.” आणि त्यांनी हात डोक्यावर नेला. बोटाखालून फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सरकत काखेच्या बाजूला निघाला.

“सर, हाड चालतंय!” पोरगं ओरडलंच. बोटाला लागलेली तांबडी माती तशीच ठेवून त्यानं खोडरबर घेतला आणि सगळी पाठ पुसून काढली.