श्वास मोजणाऱ्या पट्ट्याला मान्यता कशाची?

नमस्कार मंडळी.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखानदारांचा मला फोन आला. म्हणाले, "ताई, झोपेच्या तपासणीत छातीला बांधतात तो पट्टा आपण करू शकतो. विणकाम इचलकरंजीत, प्लगचं मोल्डिंग इथंच. फक्त एफडीएची मान्यता कशी घ्यायची तेवढं सांगा." मी विचारलं, कुठल्या एफडीएची? आपल्याकडे एफडीए म्हटलं की दिवाळीच्या तोंडावर खवा तपासणारं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येतं. त्याच आद्याक्षरांचं खातं अमेरिकेत आहे. वैद्यकीय उपकरणांचा संबंध दोघांशीही येतो, पण वाटा वेगळ्या आणि कागद वेगळे. फोनवर ते सगळं सांगता आलं नाही. अशा सेन्सरच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या फायली तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आज सविस्तर बोलते.

आधी वस्तू बघू. हा माझ्या हातात थर्मिस्टर आहे. नाकाखाली लावायची ही बारीक तार, तिला तीन टोकं. दोन नाकपुड्यांसमोर येतात, तिसरं ओठांसमोर. बाहेर पडणारा श्वास गरम, आत जाणारा गार. त्या फरकानं तारेचा विद्युतरोध बदलतो आणि पडद्यावर लाट उमटते. श्वास थांबला की लाट सपाट होते. ही दुसरी नळी नाकातल्या हवेचा दाब मोजते. श्वास थोडासाच कमी झाला तर तो हिलाच चांगला कळतो, थर्मिस्टरला तितका कळत नाही. पण माणूस तोंडानं श्वास घ्यायला लागला की नळी फसते. म्हणून दोन्ही लावतात.

आणि हे पट्टे. एक छातीला, एक पोटाला. नाकातून हवा येत नाही हे थर्मिस्टर सांगतो, पण का येत नाही हे पट्ट्यांशिवाय कळत नाही. घसा मिटला असेल तर माणूस झोपेतही जोर लावत असतो, छाती आणि पोट सी-सॉच्या फळीसारखी उलटसुलट हलतात. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटला नसेल तर दोन्ही पट्टे शांत असतात. पहिल्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणतात, दुसऱ्याला सेंट्रल. आजार वेगळा, तपासण्या वेगळ्या, उपचारही वेगळे. किमान १० सेकंद हवा जवळजवळ बंद झाली तर तो अॅप्निया. अशा घटना आणि श्वास अर्धवट पडण्याच्या घटना मिळून तासाला ५ पेक्षा कमी असतील तर काळजी नसते, ३० च्या वर गेल्या तर आजार तीव्र समजतात.

आता माझ्या मामांचं सांगते. मामा कागलचे, बावीस वर्षं ट्रक चालवला. मामी म्हणायची, "रात्रभर घोरत्यात, मधीच आवाज बंद हुतोय, मग मी हलवून बघते, हायत का न्हाईत." मी हट्टानं त्यांची तपासणी करवली. कुठं ते सांगत नाही. रिपोर्ट आला तो बहुतेक सगळा सेंट्रल. मग हृदयाच्या तपासण्या, मेंदूचा एमआरआय, पाच महिने गेले. ट्रक बंद, घरात धास्ती. शेवटी दुसरीकडे पुन्हा एक रात्र तपासणी केली आणि तासाला ४१ घटना निघाल्या, जवळजवळ सगळ्या ऑब्स्ट्रक्टिव्ह. पडद्यावर छातीची लाट वर तर पोटाची खाली, इतकं स्पष्ट दिसत होतं की मामीलाही बोट ठेवून दाखवता आलं.

मी पहिल्या ठिकाणी परत गेले. तिथल्या तंत्रज्ञ मुलानं पट्टा न कुरकुरता काढून दाखवला. इलॅस्टिक सैल पडलेलं, त्यात एकाच जागी बसवलेला पीझो क्रिस्टल, म्हणजे ताण बसला की विजेचा संकेत देणारा खडा. मामांच्या पोटावरून तो रात्री घसरला असणार, आणि क्रिस्टलला ताणच बसला नाही. पट्टा शांत, म्हणजे हुकूम सुटला नाही, म्हणजे सेंट्रल. आणि पट्ट्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, लायसन्स नंबर, काही नाही. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, देणाऱ्यानं एफडीएवाला आहे म्हणून दिलाय." त्या पोराला मी दोष देत नाही. एफडीएवाला म्हणजे काय, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ते आपण समजून घेऊ. अमेरिकेत १९७६ साली कायदा बदलून वैद्यकीय उपकरणांचे धोक्याप्रमाणे तीन वर्ग केले. श्वासाचे सेन्सर मधल्या, दुसऱ्या वर्गात येतात. त्यांचा रस्ता फाइव्ह-टेन-के नावाचा, कायद्याच्या कलमावरून पडलेलं नाव. उपकरण बाजारात आणण्याच्या किमान ९० दिवस आधी खात्याकडे फाइल द्यायची आणि दाखवायचं की कायदेशीरपणे आधीच विकल्या जाणाऱ्या अमुक एका उपकरणाच्या तोडीचं आमचं आहे. त्या जुन्या उपकरणाला प्रेडिकेट म्हणतात. पटलं की खातं 'क्लिअर' करतं. 'अप्रूव्ह' हा शब्द तिसऱ्या वर्गातल्या, जास्त धोक्याच्या उपकरणांसाठी आहे. तिथं सुरक्षितता आणि उपयोग मुळापासून सिद्ध करावा लागतो. आपल्याकडच्या जाहिरातीत श्वासाच्या पट्ट्यापुढे 'एफडीए अप्रूव्ह्ड' दिसलं की लिहिणाऱ्याला फरक माहीत नाही, किंवा माहीत असून लपवायचा आहे, एवढं धरून चाला.

शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना हे लवकर कळेल. गिऱ्हाइकाकडं सॅम्पल पास झालं म्हणजे काय पास झालं? तो पॅटर्न, तो ग्रेड, ती वाळू, ती वाळू धरून ठेवणारा तो बाइंडर, तो गेज. उद्या न कळवता बाइंडर बदलला तर जॉब दिसायला तसाच असेल, पण सॅम्पलची मंजुरी त्याला लागू नाही. सेन्सरचंही तसंच. महत्त्वाचा बदल केला की नवी फाइल. मग मंजुरी नेमकी कशाला असते? माझ्या अनुभवानं सांगते, ती एका वाक्याला असते. फाइलच्या सुरुवातीलाच असतं ते: हे उपकरण कोणावर, कशासाठी, कुठं आणि कुणाच्या देखरेखीखाली वापरायचं. झोपेच्या पट्ट्याचं वाक्य साधारण असं असतं, की झोपेच्या तपासणीत श्वासाच्या हालचालीचा संकेत नोंदयंत्राकडे पाठवण्यासाठी. बस, एवढंच. पट्टा निदान करतो असं त्यात नसतं. आणि बहुतेक ठिकाणी पुढं लिहिलेलं असतं की श्वास थांबल्याचा गजर देण्यासाठी हे वापरू नये. तान्ह्या बाळाच्या पाळण्याशी हाच पट्टा कुणी गजर म्हणून बांधला, तर वस्तू तीच राहील, पण त्या वापराला कुणीही मंजुरी दिलेली नाही.

बाकीची फाइल त्या वाक्याला आधार द्यायला. कातडीला लागणारं कापड आणि प्लॅस्टिक आयएसओ १०९९३ प्रमाणे तपासायचं: पेशींना इजा होते का, खाज किंवा अॅलर्जी येते का. किती वेळा धुतला तरी संकेत तसाच राहतो हे मोजायचं. कुठल्या यंत्राला जोडायचा ते सांगायचं. या पद्धतीतली एक गोष्ट मला मनापासून खटकते, तीही सांगते. तुलना जुन्याशी असते, आणि जुना स्वतः किती चांगला हा प्रश्न मागं राहू शकतो. एका थर्मिस्टरची दुसऱ्याशी बरोबरी दाखवता येते, पण श्वास अर्धवट पडलेला दोघांनाही नीट कळत नाही. म्हणून झोपतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेनं २००७ च्या नियमावलीत कुठला सेन्सर कशासाठी हे वेगळं लिहून दिलं: श्वास पूर्ण बंद पडला का, यासाठी थर्मिस्टर, अर्धवट पडला का, यासाठी दाबाची नळी, आणि पट्टा हवा तो छातीभोवती नागमोडी तार शिवलेला. त्या तारेतून अगदी थोडा प्रवाह जातो आणि छातीचा घेर बदलला की तारेचं इंडक्टन्स, म्हणजे वेढ्याच्या आकारावर ठरणारा तिचा एक विद्युत गुण, बदलतं. तो एका जागेचा ताण मोजत नाही, अख्ख्या घेराचा अंदाज देतो. मामांच्या दुसऱ्या तपासणीत तोच होता.

आता हा प्लग बघा. मागच्यांना दिसत नसेल, वर्णन करते. दीड मिलिमीटरचा. धातूचा भाग प्लॅस्टिकच्या आत खोल बसवलेला, बोट घातलं तरी लागत नाही. याला टच-प्रूफ म्हणतात. पूर्वी इथं उघडी पिन असायची. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांच्या तारांना अशा पिना होत्या, आणि त्या वीजपुरवठ्याच्या सुट्या केबलच्या तोंडात बसत होत्या. बाळाच्या छातीला चिकटवलेली तार चालू केबलमध्ये खोचली गेली. मुलं भाजली, काही दगावली. श्वास चालू आहे ना हे बघण्यासाठी लावलेल्या तारेनं. त्यानंतर मे १९९७ मध्ये अमेरिकी एफडीएनं सक्तीचं मानक काढलं, की रुग्णाला जोडलेली तार वीजपुरवठ्यात बसताच कामा नये. पहिल्या टप्प्यात, १९९८ पासून, ज्या उपकरणांना ते लागू झालं त्यांत श्वास मोजणारी यंत्रं होती. उद्यमनगरातल्या त्या कारखानदारांनी मला प्लगचा साचा उघड्या पिनेचा दाखवला होता, कारण तो स्वस्त पडतो. मी त्यांना ही हकीगत सांगितली. त्यांनी तो साचा बाजूला ठेवला.

आपल्या देशाचं आता. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. सुरुवातीला मोजकी उपकरणंच कक्षेत होती. १ एप्रिल २०२० पासून सगळीच आली, लायसन्सची सक्ती मात्र टप्प्यानं. इथं धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत, अ सगळ्यांत कमी धोक्याचा, ड सगळ्यांत जास्त: अ आणि ब वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि ड वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचं लायसन्स राज्याचं एफडीए देतं, क आणि ड चं दिल्लीची केंद्रीय संस्था. आयात असेल तर वर्ग कुठलाही असो, दिल्लीच. ब वर्ग असेल तर नोटिफाइड बॉडी, म्हणजे सरकारनं नोंदलेली तपासणी संस्था, कारखान्यात येऊन ऑडिट करते. ज्यांनी वाहन कंपन्यांचे ऑडिट झेलले आहेत त्यांनी याला भिऊ नये. गेजचं कॅलिब्रेशन, आलेल्या मालाची नोंद, बिघाडाच्या तक्रारीचा मागोवा, ही शिस्त या शहराच्या हातात आहे. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या वितळवणीतलं ते, टाकणाऱ्या माणसाला बॅच नंबर का टाकायचा हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच मला वाटतं, हा पट्टा कोल्हापुरात व्हावा आणि चांगला व्हावा.

एका गोष्टीपासून मात्र जपा. एजंट येतात, अमेरिकी एफडीएचा शिक्का छापलेलं रंगीत सर्टिफिकेट काही हजारांत देतात. तिथं कंपनीची नोंदणी करता येते हे खरं. पण नोंदणी म्हणजे क्लिअरन्स नव्हे, आणि नोंदणीचं सर्टिफिकेट ते खातं कुणालाही देत नाही. क्लिअरन्स झालेल्या प्रत्येक उपकरणाला 'के'ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि खात्याच्या जाहीर यादीत तो कुणालाही शोधता येतो. वापराचं वाक्यही तिथंच वाचता येतं. देणारा क्रमांक सांगत नसेल तर माल घेऊ नका.

मघाशी एका काकांनी विचारलं, हातातल्या स्मार्ट घड्याळाला हा आजार कळतो का. २०२४ मध्ये सॅमसंग आणि अॅपल या दोघांच्या घड्याळांना अॅप्नियाची शक्यता दाखवण्यापुरती अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यांनाही वाक्याची मर्यादा आहेच: शक्यता सांगायची, निदान नाही. घड्याळानं सूचना दिली तर डॉक्टरांकडे जा. सूचना दिली नाही पण घरचे म्हणतात श्वास अडकतो, तरीही जा. माझ्या मामांचा आजार पहिल्यांदा मामीनंच ओळखला होता.

आता हे दोन पट्टे पहिल्या रांगेपासून फिरवते. काळा तो मामांना पहिल्यांदा बांधला होता, मी मागून घेतला. निळा नागमोडी तारेचा आहे. दोन्ही ओढून बघा, कुठला परत जागेवर येतो ते. निळ्याच्या प्लगमध्ये बोट घालून बघा. आणि मागची चिठ्ठी वाचा, चष्मा लागेल, अक्षर बारीक आहे.