शुद्ध आली, बेड कुठे आहे?

रिकव्हरी रूम, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात ती खोली. ट्रॉली आत येते. चाकांना ब्रेक लागेपर्यंत सिस्टरनं ऑक्सिजनचा मास्क, दंडाला बीपीचा पट्टा, छातीला ईसीजीच्या तारा आणि बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेलासुद्धा असतो. भूलतज्ज्ञ सांगताहेत: ऑपरेशन कुठलं, भूल कोणती, रक्त किती गेलं, वेदनाशामक कधी दिलं. सिस्टर ऐकतेय, पण नजर पेशंटच्या छातीवर. श्वास नीट चाललाय ना, ते आधी.

"हात वर करा. आता डोकं उचला, तसंच धरा."

५ सेकंद डोकं उशीवरून वर राहायला हवं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला असेल तर मान लटपटते. मनगटावरचं हे यंत्र त्याहून खात्रीचं. नस लागोपाठ ४ वेळा चेतवतात; चौथा झटका पहिल्याच्या निदान ९० टक्के जोराचा हवा.

हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन, प्रत्येकाला ० ते २ गुण. अल्ड्रेटे आणि क्रौलिक यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली. तेव्हा ऑक्सिजनऐवजी त्वचेचा रंग बघत. १९९५ च्या सुधारणेत तिथे बोटावरच्या चिमट्याचा आकडा आला. १० पैकी ९ झाले की साधारणपणे वॉर्डात पाठवतात.

हे ९ गुण कुणाचे पटकन होतात, कुणाचे रखडतात. या पेशंटला हुडहुडी भरलीय. थिएटर गार, त्यात भुलेमुळे शरीराची ऊब राखण्याची व्यवस्थाच ढिली पडते. शरीर ३६ अंशांखाली गेलं की औषधंही सावकाश उतरतात. म्हणून पांघरुणात नळीनं गरम हवा सोडलीय. (खरं तर ऑपरेशनच्या आधीच ऊब दिली, तर इथला बराच वेळ वाचतो.) पलीकडे उलटीचा ट्रे. बायका, सिगारेट न ओढणारे आणि गाडी लागणारे यांना हा त्रास जास्त. मॉर्फिनसारखी औषधं त्यात भर घालतात. पण दुखणं थांबवायलाही तीच लागतात, आणि दर डोसनंतर काही वेळ नजर ठेवावीच लागते. पाठीतून भूल दिलेल्यांचे पाय हलायची वाट पाहायची, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना जास्त वेळ ठेवायचं.

इथवर सगळं पेशंटच्या शरीराचं.

आता कोपऱ्यातला हा बेड. गुण केव्हाच ९ झालेत, पेशंट पाणी मागतोय. सिस्टर तिसऱ्यांदा फोन लावतेय. वॉर्डात बेड नाही. बेड झाला तर ट्रॉली ढकलायला माणूस नाही. माणूस आला तर फाईलवर सही राहिलेली. नोंदीत मात्र एवढंच उमटतं: रिकव्हरीतला मुक्काम लांबला. तिकडे थिएटर अडून राहतं, यादीतलं शेवटचं ऑपरेशन उद्यावर जातं.

वॉर्डातला तो बेड ज्याच्यामुळे अडलाय, त्या पेशंटला सकाळच्या राउंडलाच घरी जायला सांगितलंय. त्याचे डिस्चार्जचे कागद अजून टेबलावर आहेत.